पडलेले मांजर आणि आपण

मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवर उतरते आणि त्याला काही होत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा मात्र खरा नाही, आणि त्यावर विश्वास ठेवल्यामुळे कित्येक मांजरे उपचारावाचून मरतात. पडलेले मांजर चार पावले चालते आणि अडगळीत शिरते. आपण "वाचले!" म्हणतो आणि कामाला लागतो.

माणसारख्या दुष्काळी तालुक्यात माळवदाची घरे आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरी तुम्ही पाहिल्या असतील. बाजरी-ज्वारीवर उंदीर येतात, उंदरांमागे मांजरे येतात. बैल किंवा मेंढी लंगडली तर आपण दवाखान्याची वाट धरतो. बिनमालकीच्या मांजराला मात्र कोणी नेत नाही. म्हणून या प्रश्नाकडे आज पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहू.

हवेतल्या हवेत वळण

१८९४ साली एतियेन-जूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची एकामागून एक छायाचित्रे घेतली. आधाराशिवाय मांजर वळते कसे, हे कोडे त्यामुळे सर्वांपुढे आले. सुरुवातीला कोनीय संवेग शून्य असेल तर शेवटपर्यंत तो शून्यच राहिला पाहिजे. मग वळण आले कुठून?

मांजर कमरेत वाकते. पुढचे पाय आखडून आणि मागचे लांब करून ते पुढचा भाग बराच फिरवते. त्या वेळी मागचा भाग उलट दिशेने थोडासाच फिरतो, कारण त्याचे जडत्वाघूर्ण जास्त असते. मग हाच प्रकार उलट करून ते मागचा भाग फिरवते. एकूण संवेग शून्यच राहतो, पण मांजर सुलटे होते. १९६९ साली केन आणि शेर यांनी याचे गणित मांडून दाखवले.

धक्का किती बसतो?

सुलटे झाले म्हणून वेग कमी होत नाही. माळवद ४ मीटर उंच आहे असे धरा. जमिनीला टेकताना वेग = √(२ × ९.८ × ४), म्हणजे सेकंदाला सुमारे ८.९ मीटर, म्हणजेच ताशी ३२ किलोमीटर. पाय दुमडत १० सेंटिमीटरांत हा वेग शून्यावर आला, तर सरासरी धक्का मांजराच्या वजनाच्या सुमारे ४० पट असतो. ३ किलोच्या मांजराला तो जवळजवळ १२० किलो वजनाइतका होतो. पाय पुरेसे पडले नाहीत आणि छाती किंवा हनुवटी दगडावर आपटून १ सेंटिमीटरातच थांबली, तर तोच धक्का दहापट होतो! फुप्फुसाला झालेली इजा बाहेरून दिसत नाही. चार पावले चालणे हा सुखरूप असल्याचा पुरावा का नाही, हे यावरून कळेल.

न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात १९८४ साली पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आणली गेली. त्यांचा अभ्यास व्हिटनी आणि मेलहाफ यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली. हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, जागीच मेलेली मांजरे रुग्णालयात कोणी आणत नाही. ती या हिशेबात नाहीत. दुसरी, एक तृतीयांशाहून अधिक मांजरांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार लागले. ती जगली, ती उपचारांमुळे.

मदत कशी कराल?

१. प्रथम मोठ्या माणसाला बोलवा. दुखावलेले मांजर भीतीने चावते. विहिरीत तुम्ही स्वतः कधीही उतरू नका.

२. लांबूनच श्वास मोजा. स्वस्थ मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० वेळा श्वास घेते. तोंड उघडून धापा टाकत असेल तर विलंब नको.

३. मोठ्या माणसाने कोंबड्यांचे डालगे हळूच मांजरावर पालथे घालावे आणि खालून फळी किंवा पत्रा सरकवावा. उचलायचे नाही, सरकवायचे. पाठीचा कणा वाकू नये, यासाठी हे आहे.

४. नंतर ते भोके पाडलेल्या खोक्यात घेऊन वर कापड टाका. अंधारात मांजर शांत राहते. लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे जखमी मांजर लवकर गार पडते. थंडीत कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. उन्हाळ्यात खोके सावलीत ठेवा.

५. माणसांची औषधे देऊ नका. पॅरासिटॅमॉलचे विघटन मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते. पाणी-दूध बळे पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते.

६. मांजर चावले वा ओरखडले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर रोग टळतो.

गाडीत खोके तळाशी, कडेला टेकवून ठेवा. ब्रेक लागताच जडत्वामुळे ते पुढे सरकते आणि मोडलेले हाड पुन्हा हलते.

आता तुमचे काम

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे, केव्हा उघडतो, तिथे मांजरावर उपचार होतात का, हे आजच विचारून वहीत लिहा. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा निःशुल्क क्रमांकही टिपून ठेवा. सातारा जिल्ह्यातच शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अपघातानंतर शोधाशोध करण्यात मोलाचा वेळ जातो.

आणि एक गणित: १५ मीटर खोल कोरड्या विहिरीत पडलेले मांजर तळाशी किती वेगाने आदळेल? हवेचा विरोध सोडून द्या. उत्तर काढल्यावर, "मांजराला काही होत नाही" असे म्हणणाऱ्याला ते जरूर दाखवा.