हंपी पुढच्या खेपेला

चि. ओंकार यास,


तुझा बेत वाचला. चार दिवसांत बदामी, हंपी, बेलूर, हळेबीड आणि जमलं तर लेपाक्षी! अरे, देवळांपेक्षा टोलनाकेच जास्त बघून याल. बेलूरपासून पुढचं सगळं आत्ताच काट. हंपीही या खेपेला सोड. तुला पटणार नाही, पण तिला वेगळे तीन दिवस काढावे लागतात.

पुण्याहून पहाटे निघा आणि सोलापूर, विजयपूर करत उजेडी बदामी गाठा. हिवाळ्यात त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येकींना मागे दिवा नसतो, म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही. सगळे मुक्काम बदामीतच ठेवा. पट्टदकल तिथून 22 किलोमीटर, ऐहोळे त्याच्या थोडं पुढे.

बघायला सुरुवात मात्र ऐहोळ्यापासून कर. लाडखान मंदिराचं छप्पर नीट न्याहाळ. उतरत्या दगडी फरश्या आणि त्यांच्या सांध्यांवर लांबच लांब दगडी पट्ट्या. लाकूडकामाची सगळी रीत पाथरवटांनी दगडात उचललीय. मग मेगुतीची टेकडी चढ. तिथे रविकीर्तीचा 634 सालचा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला हरवलं ते त्यात आहेच, शिवाय तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली 99 हजार गावंही आहेत. आपल्याकडच्या माणसाने तो चुकवणं बरं नव्हे.

पट्टदकलला अख्खी सकाळ दे. पल्लवांची कांची जिंकल्याबद्दल चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याच्या राणीने, लोकमहादेवीने, विरूपाक्ष मंदिर उभारलं. त्याचं शिखर मजल्यामजल्यांनी चढणारं, दक्षिणी. आणि त्याच आवारात गळगनाथाचं उत्तरेकडच्या वळणाचं, बाक घेत वर जाणारं. दोन्हींमध्ये चार-पाचदा ये-जा कर, पुस्तकात डोकं घालू नकोस. वेरूळचं कैलास तू पाहिलंयस, तेव्हा विरूपाक्षासमोर ओळखीचं बरंच काही सापडेल.

बदामीची लेणी सकाळी लवकर उरकू नका, सावकाश बघा. तिसऱ्या लेण्यात 578 सालचा लेख आहे, आणि शेषावर बसलेला विष्णू तर बघतच राहावा असा. हातात खाऊ मात्र धरू नका, माकडं अंगावर येतात.

दुपारचं जेवण बनशंकरीला. देवळाबाहेर बायका टोपलीत ज्वारीची भाकरी, चटणी आणि मडक्यातलं दही घेऊन बसतात. पौषात जायचं असेल तर तिथे जत्रा असते, खोली आधीच धरून ठेव. आईने ओटी दिली तर विसरू नकोस. आणि स्टेपनीत हवा आहे का, ते आजच बघून कळव.

तुझा,
मामा