गॅसची वाट ओळख

नाशिक

चि. समीर यास,


दिल्लीच्या हॉटेलात प्लान्टवर रुजू झालास, वाचून बरं वाटलं. मुंबईत तू पाहिलेले चिलर फक्त गार पाणी देणारे होते. दिल्लीत एकच मशीन जूनमध्ये गार आणि जानेवारीत गरम पाणी देतं, म्हणून तुझा गोंधळ उडाला आहे. यावर माझं सांगणं एवढंच: कोणता पार्ट कुठे आहे हे पाठ करत बसू नकोस. या घडीला त्यातून गॅस कुठून कुठे चाललाय, हे आधी बघ.

कॉम्प्रेसर कधीच उलटा फिरत नाही. वाट बदलतो तो फोर-वे व्हॉल्व्ह. त्याच्या एका बाजूच्या एकट्या पाइपात कायम डिस्चार्ज, समोरच्या तीन पाइपांतल्या मधल्यात कायम सक्शन. कडेचे दोन तेवढे पलटतात. उन्हाळ्यात बाहेरची कॉइल कंडेन्सर, पाण्याचा प्लेट हीट एक्स्चेंजर इव्हॅपोरेटर. हिवाळ्यात नेमकं उलट. व्हॉल्व्हच्या आतली स्लाइड दाबातल्या फरकाने सरकते, वीज फक्त पायलट व्हॉल्व्हला लागते. गॅस कमी असला तर स्लाइड मध्येच अडकू शकते. म्हणून व्हॉल्व्हवर खापर फोडण्याआधी गेज लाव. बदलावाच लागला, तर ब्रेझिंग करताना त्याला ओलं फडकं गुंडाळ. आतले भाग उष्णतेने जातात.

ड्रायर बदलताना तो दोन्ही दिशांनी चालणारा आहे ना, हे बघून घे. एकेरी ड्रायरमधून गॅस उलटा गेला, तर अडकलेला कचरा पुन्हा लाइनीत येतो. प्लेट एक्स्चेंजरमध्ये कॉइलपेक्षा कमी गॅस मावतो. त्यामुळे हिवाळ्यात उरलेला गॅस रिसीव्हरमध्ये थांबतो. गॅस भरताना नेमप्लेटवरचं वजन पाळ, अंदाजाने भरू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला मशीन काही मिनिटं कूलिंगवर जातं. कॉइलवरून वाफेचा लोट उठेल. लीक समजून घाबरू नकोस. त्या वेळी प्लेट एक्स्चेंजरमधला द्रव सक्शनकडे धावतो. त्याला अडवून कॉम्प्रेसर वाचवायचं काम अ‍ॅक्युम्युलेटरचं. पण हीटिंग चालू आहे असं आपण समजत असतो, तेव्हाच प्लेट एक्स्चेंजर इव्हॅपोरेटर झालेला असतो. पाणी थांबलं तर आत बर्फ होऊन प्लेटा फुटतात आणि पाणी गॅसच्या लाइनीत शिरतं. मग अख्खं सर्किट गेलंच. रात्री दोन वाजता अलार्मने कितीही वैताग आणला, कोणी कितीही दटावलं, तरी फ्लो स्विचला जंपर मारायचा नाही. पंप बघ, स्ट्रेनर साफ कर, मगच रिसेट दे.

या आठवड्यात एक काम कर. तुझ्या मशीनचं सर्किट वहीत दोनदा काढ, एकदा कूलिंगचं, एकदा हीटिंगचं. गरम वाट लाल, गार वाट निळी. कुठे अडलास तर रविवारी फोन कर.

तुझा,
काका