कलिंगड पिकले की नाही, कसे ओळखावे?



भात काढल्यावर मळ्यात लावलेली कलिंगडे प्रायश्चित्तकाळाच्या सुमारास तयार होऊ लागतात. ऊन तापते, बाजारात भाव चढतो, ईस्टरचा खर्च समोर दिसतो, आणि मग आपला हात घाई करतो. आम्हीही एका वर्षी झावळ्यांच्या रविवारआधीच्या बाजारासाठी सगळा मळा एकदम तोडला. निम्मी फळे आतून फिकी निघाली. ज्या गिऱ्हाइकांनी ती नेली, ती पुढच्या आठवड्यात आमच्याकडे वळलीसुद्धा नाहीत.

आंबा, केळी, चिक्कू ही फळे काढून अढीत घातली की पिकतात. कलिंगडाचे तसे नाही. वेलीवरून तुटले की त्याची गोडी वाढायची थांबते. कच्चे फळ आठ दिवस घरात ठेवले तरी गोड होत नाही. म्हणून जी काही परीक्षा करायची ती मळ्यातच.

पहिली खूण तणाव्याची. फळाचा देठ वेलीला जिथे जुळतो, तिथेच एक पीळदार तणावा असतो. तो हिरवा असेल तर थांबावे. टोकापासून बुडापर्यंत वाळला म्हणजे फळ तयार होत आले. पण एवढ्यावरच सुरी चालवू नये. काही जातींत तणावा वाळल्यावरही फळाला काही दिवस लागतात. आणि वेलच रोगाने किंवा पाण्यावाचून सुकली असेल, तर तिचे सगळेच तणावे वाळतात.

म्हणून फळ हळूच कलते करून त्याचे पोट पाहावे. जमिनीला टेकलेला भाग पांढरा असेल तर फळ कच्चे, लोण्यासारखा पिवळसर झाला असेल तर पिकलेले. आमचा सर्वांत जास्त भरवसा या खुणेवर आहे. शुगर बेबीसारख्या काळपट सालीच्या जातीत ती लांबूनही दिसते. वरच्या सालीची चकाकीही तोवर गेलेली असते.

टिचकी मात्र शेवटी मारावी. कच्चे फळ टणटण वाजते, पिकलेले बदबद. पण आतून पोकळ झालेले किंवा फार पिकलेले फळही तसेच वाजते, तेव्हा एकट्या कानावर विसंबू नये. दोन्ही हातांनी दाबून कर्र आवाज ऐकण्याची कित्येकांना सवय असते. त्याने आतला गर फाटतो, ती सोडावी.

एका मळ्यातली फळे एका दिवशी पिकत नाहीत. फळ अंड्याएवढे झाले की शेजारी काठी रोवून तिला तारखेची चिठ्ठी बांधावी. तेथून साधारण महिनाभराने, थंडी असेल तर आणखी उशिरा, खुणा पाहू लागावे. तोडणी तीन-चार वेळा करावी, सकाळच्या गारव्यात, बोटभर देठ ठेवून. आधीचे काही दिवस पाणी कमी करावे. एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात आणि गोडीही उतरते. औषध फवारले असेल, तर डब्यावर लिहिलेले थांबण्याचे दिवस भरल्याशिवाय एकही फळ तोडू नये.

आता घरातल्यांसाठी थोडेसे. साल मातीत लोळलेली असते, म्हणून कापण्यापूर्वी फळ धुवावे, नाहीतर सुरीबरोबर घाण आत जाते. मधुमेह असलेल्यांनी एखादीच फोड खावी. उरलेले कलिंगड झाकून गार जागी ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे. माश्या बसलेली फोड मुलांना देऊ नये.