पांढऱ्या डोक्याचे कुरव

प्रश्न : डिसेंबरात अलिबागजवळच्या अक्षी किनाऱ्यावर तपकिरी डोक्याचे कुरव पाहायला गेलो. सगळ्यांची डोकी पांढरीच! असे कसे?

उत्तर : तुम्ही पाहिलेत ते बहुधा तेच. तपकिरी डोके विणीच्या हंगामापुरते असते. लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे परतण्याआधी ते चढू लागते. हिवाळ्यात डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. दुर्बिणीतून डोळा न्याहाळा. प्रौढ पक्ष्याचे बुबुळ फिकट आणि पंखांच्या काळ्या टोकांत पांढरा डाग असेल, तर तो तपकिरी डोक्याचा. डोळा काळाभोर असेल, तर काळ्या डोक्याचा. वयात न आलेल्या पक्ष्यांना मात्र ही खूण लागू नाही.

भरतीच्या वेळा बघून निघा. पाणी चढते तसे पक्षी जवळ येतात. फोटोसाठी थवा उडवू नका. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली त्यांची चरबी त्यात खर्च होते.