'शिकविणे' आणि 'पढविणे'

हिंदीभाषक अध्यापक 'मैं पढ़ाता हूँ' असे सहज सांगतो. तेच वाक्य मराठीत उतरवून कोणी 'मी पढवितो' म्हणाला, तर हा गृहस्थ साक्षीदारांकडून जबान्या घोकून घेतो की काय, अशी शंका श्रोत्यास यावी. धातू एकच, संस्कृत 'पठ्'. मराठीत वाचनाचा अर्थ 'वाचणे' या क्रियापदाने व्यापला आणि 'पढणे'कडे पाठांतर तेवढे उरले, असे दिसते. पढणे आणि शहाणपण यांतील फारकतही जुनीच. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांस दिला, तरी पढतमूर्खासाठी दहावा समास निराळा लिहिला.

'शिकविणे'चे कूळ वेगळे. संस्कृत 'शिक्ष्' हे वैयाकरणांच्या मते 'शक्'चे इच्छार्थक रूप होय. म्हणजे समर्थ होऊ इच्छिणे. प्राकृत 'सिक्ख'मधील महाप्राण हिंदीने 'सीखना'त राखला, मराठीने 'भीक', 'भूक' यांप्रमाणे येथेही टाकला. हिंदी 'सिखाना' आणि 'पढ़ाना' या दोहोंचे काम मराठीत हे एकटे क्रियापद करते. पोहणे शिकवितात, तसे व्याकरणही.

प्रयोगभेद मात्र मराठीत आहे. 'ती व्याकरण शिकली' हा कर्तरी, 'तिने व्याकरण शिकविले' हा कर्मणी; हिंदीत दोन्हीकडे 'ने' येतो. यावरून शिकण्याविषयी काही तत्त्वज्ञान उभारण्याचा मोह होतो, पण 'बोलणे' आणि 'विसरणे'ही असेच चालतात, हे ध्यानी ठेवलेले बरे.

खरी फसगत 'शिक्षा' या शब्दापाशी होते. हिंदीत ते अध्ययन-अध्यापन, आजच्या मराठीत दंड. म्हणूनच 2020 ची 'राष्ट्रीय शिक्षा नीति' मराठीत 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण' झाली. 'नीती'ही येथे चालली नसती, कारण ती मराठीत सदाचाराकडे झुकते.

अनुवादकाची अडचण उलट दिशेनेही आहे. 'त्याला कोणीतरी पढवून पाठविले आहे' या वाक्यातील आरोप नुसत्या 'पढ़ाकर भेजा है'मध्ये विरतो. 'सिखा-पढ़ाकर' म्हटले की परत येतो. म्हणजे हिंदीलाही हा संशय ठाऊक आहे, फक्त तेथे तो जोडशब्दात राहतो. आणि मराठी 'शिकविणे'ही सर्वस्वी निष्पाप नाही: 'आईने शिकवून ठेवले आहे' या तक्रारीत ते 'पढविणे'च्या अगदी शेजारी जाऊन बसते.