जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन तापल्यास

ऐन नांगरटीत जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन तापू लागते, तेव्हा पुष्कळदा पाणी ओतून काम पुढे रेटले जाते. असे केल्याने सिलिंडरचे हेड वाकते व मोठा खर्च अंगावर येतो.

काटा तांबड्या भागात जाताच काम थांबवावे. इंजिन दोन-तीन मिनिटे मंद गतीने चालवून बंद करावे. पाणी उसळत असल्यास किंवा पट्टा तुटल्यास मात्र ताबडतोब बंद करावे. इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील वाफेने तोंड व हात भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. बिडास तडा जाण्याचा संभव असतो.

त्यानंतर पुढील क्रमाने तपासणी करावी :

१. रेडिएटरच्या जाळीत भुसा व धूळ साचली असल्यास पंख्याच्या बाजूने पाणी मारून ती बाहेर काढावी.

२. पंख्याचा पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावा. तो सुमारे १२ ते १५ मिलिमीटरहून अधिक दबल्यास ताणून घ्यावा.

३. पाण्याची व तेलाची पातळी आणि रबरी नळ्यांची गळती पाहावी.

४. थर्मोस्टॅट काढून तापत्या पाण्यात धरावा. पाणी उकळले तरी तो न उघडल्यास बदलावा.

५. तेल दुधाळ दिसल्यास हेडचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा व जाणत्या कारागिरास बोलवावे.

क्षारयुक्त विहिरीच्या पाण्याने आत पुटे चढतात व उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून स्वच्छ, मृदू पाणी व कूलंट वापरणे हिताचे होय.