*सौर पंप, टाकी आणि विहिरीचं गोडं पाणी*



भातकापणी उरकली, पांढऱ्या कांद्याची लावणी सुरू आहे. आता जूनपर्यंत वाडीची सगळी भिस्त विहिरीवर. ज्यांच्या वाडीवर वीज नाही आणि सौर पंप बसवलाय, त्यांच्यासाठी आजचा धडा खास आहे.

*धोका कुठे आहे?*
आपल्या किनारपट्टीला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. म्हणजे जास्त उपसा करून पातळी १ फुटाने खाली गेली आणि तशीच राहिली, की खालचं खारं पाणी हळूहळू ४० फूट वर सरकू शकतं. एकदा विहीर खारी झाली की ती गोडी व्हायला एक पावसाळाही पुरेलच असं नाही.

पूर्वी अष्टागरात बैल रहाट ओढायचा. बैल दमायचा, थांबायचा, तेवढ्यात विहीर भरून यायची. डिझेल पंपाला तेलाच्या खर्चाचा लगाम होता. सौर पंपाला बिलही नाही आणि दमणंही नाही. ऊन आहे तोवर चालू! म्हणून लगाम आपणच घालायचा.

*काय करायचं?*

१) *दोरीला गाठी मारा.* दर फुटाला एक गाठ. दर रविवारी सकाळी, पंप लावायच्या आधी पाण्याची पातळी मोजा आणि वहीत लिहा. पातळी दर आठवड्याला भराभर उतरत असेल तर उपसा कमी करा.

२) *थोडं उपसा, थांबा, परत उपसा.* एक-दोन तास पंप, मग तेवढीच विश्रांती. टाकीत फ्लोट स्विच लावा, टाकी भरली की पंप बंद. विहिरीतही पातळीचा स्विच बसवून घ्या.

३) *बॅटरीपेक्षा टाकी बरी.* उन्हात पाणी वर चढवून ठेवा, रात्री आणि ढगाळ दिवशी ते उताराने घ्या. पण १० फूट उंचीच्या टाकीतून जेमतेम ०.३ किलो दाब मिळतो. नेहमीच्या ठिबकला साधारण १ किलो लागतो. तेव्हा टाकीवरून द्यायचं तर कमी दाबाचं ठिबक घ्या किंवा नळीने आळ्यात सोडा.

४) *घराची टाकी वेगळी, वाडीची वेगळी.* हिशेब बघा:
▪️ ४ माणसं × ५५ लिटर = २२०
▪️ २ जनावरं × ५० लिटर = १००
▪️ रोजचे ३२० लिटर. ५,००० लिटरची टाकी १५ दिवस पुरते.
▪️ २० नारळ × ४० लिटर = रोजचे ८००. तीच टाकी ६ दिवसांत रिकामी!
टाकी एकच असेल तर वाडीचा नळ तळापासून वर बसवा, म्हणजे घरापुरतं पाणी खाली राहील.

५) *पाणी तपासा.* आत्ता एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा. स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर पाणी घेऊन रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. क्षारता ०.७५ पर्यंत असेल तर निर्धास्त राहा. ०.७५ ते २.२५ असेल तर जपून वापरा. त्यापुढे धोका. नारळ थोडा खार सोसतो, सुपारी आणि कांदा सोसत नाहीत.

६) *आच्छादन करा.* झावळ्या, सोडणं आळ्यात पसरा. जे पाणी उडालंच नाही, ते उपसावं लागत नाही.

*वादळाची आठवण ठेवा*
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. विहिरी जागेवर होत्या, पण वीज कित्येक गावांत कित्येक दिवस नव्हती. ज्यांच्याकडे कप्पी-पोहरा होता त्यांना पाणी मिळालं. म्हणून विहिरीवर कप्पी आणि मजबूत दोर असू द्या. मे महिन्यात सौर पॅनेलचे नट-बोल्ट आवळा. वादळाचा इशारा आला की टाक्या काठोकाठ भरा. पाणी तर मिळेलच, शिवाय रिकामी प्लास्टिकची टाकी वाऱ्याने उडते, भरलेली १,००० लिटरची टाकी १ टनाची होते.

पिण्यासाठी साठवलेल्या १,००० लिटर पाण्यात २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत टाका. १ तासाने वापरा. झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी.

*या रविवारचं काम:* दोरी, गाठी, वही. पातळी किती फुटांवर आहे ते गावाच्या नावासह याच नंबरवर कळवा. शेजाऱ्यालाही सांगा. विहिरी वेगळ्या असल्या तरी खालचं पाणी एकच आहे.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🙏